एकवीस फूट आवाज

सिनेमा चांगला होता, हे आधीच सांगून टाकते. वाईट असता तर मला पुढचं काही करावंच लागलं नसतं. हायस्कूलमधल्या एका वर्गाचं एक वर्ष, एवढीच त्याची गोष्ट. शेवटच्या बाकावरची चार मुलं, चौघांचं एकाच मुलीवर प्रेम, एक नापास होतो, एक शाळा सोडून गॅरेजमध्ये लागतो, आणि निरोपाच्या दिवशी कुणीतरी फळ्यावर सगळ्या वर्गाची हजेरी लिहून ठेवतं. तो फळा बघून चांगले मिशीवाले बाप्ये थिएटरात डोळे पुसायचे. मीही पुसले आहेत. तरी त्या सिनेमाचा मला जेवढा राग आहे तेवढा जगात दुसऱ्या कुणाला नसेल.

त्यात चौदा सेकंदांचा एक प्रसंग आहे. वर्गात नवी मुलगी येते. सर तिला नाव विचारतात. ती उभी राहते आणि म्हणते, "माझं ना... ना... ना..." आणि तिथेच अडकते. सर म्हणतात, "अगं, नाव विचारलंय, नकार नव्हे." सगळा वर्ग खो खो हसतो. ती मुलगी म्हणजे माझी धाकटी बहीण. आणि ती अभिनय करत नव्हती.

शूटिंग आमच्याच शाळेत झालं होतं. धाकटी आठवीत होती, मी अकरावीत. तिची जीभ फक्त शब्दाच्या सुरुवातीच्या 'न'वर अडखळायची, बाकी सगळं ती घडाघडा बोलायची. ही गोष्ट मुख्याध्यापिकेने दिग्दर्शकाच्या कानावर घातली, कौतुकाने घातली की कुचेष्टेने, देव जाणे. दिग्दर्शक धाकटीला म्हणाला, "तुला काही पाठ करायचं नाही, सरांनी विचारलं की फक्त नाव सांगायचं." ती खुशीत घरी आली. सिनेमात काम मिळालं म्हणून आईने तिला नवा फ्रॉक शिवला. एकाच टेकमध्ये काम झालं आणि बक्षीस म्हणून तिला कंपासपेटी मिळाली.

सिनेमा लागला आणि लोकांनी 'ना-ना-ना' डोक्यावर घेतलं. दुकानदार उधारी मागणाऱ्याला ना-ना-ना म्हणू लागले, बायका नवऱ्याला, कंडक्टर सुट्टे पैसे नसणाऱ्याला. थिएटरात त्या प्रसंगाला रोज वन्समोअर. ऑपरेटरला रीळ थांबवून मागे घ्यावं लागायचं. आणि धाकटीचं शाळेत 'नाना' झालं. "काय नाना, तब्येत कशी?" असं तेरा वर्षांच्या पोरीला विचारायचे, जशी ती काठी टेकत चालणारी कुणी म्हातारी असामी. मास्तरसुद्धा विचारायचे. दहावीनंतर ती शिकली नाही.

तिने भांडण केलं नाही. तिने तो 'न' सोडला. अन्नावरची वासना उडावी तशी एका अक्षरावरची तिची वासनाच उडाली. 'नाही' म्हणायचं असेल तर ती 'राहू दे' म्हणते. 'नंतर'ला 'मग', 'नवीन'ला 'कोरं'. 'नको' तिच्याकडे नाहीच, त्यामुळे आयुष्यभर लोकांनी जे पुढ्यात वाढलं ते तिने घेतलं. लग्नाची दोन स्थळं आली, दोन्ही वेळा मुलाकडच्यांनी चहा पिता पिता तिला नाव विचारलं. ती उठून आत गेली. आई गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, आणि आम्ही दोघीच उरलो.

सिनेमाही मधल्या काळात गाडला गेला होता. निर्मात्याच्या दोन मुलांनी त्याच्या हक्कांवरून एकमेकांना कोर्टात खेचलं, आणि वीस वर्षं तो कुठे दाखवायला मनाई झाली. टीव्हीवर नाही, कॅसेटवर नाही. तेव्हा फोनवर सिनेमे बघायची सोयही नव्हती. नवी पिढी त्याच्यावाचून मोठी झाली. म्हणूनच एकोणचाळिसाव्या वर्षी धाकटीला एका शाळेच्या ग्रंथालयात काम लागलं तेव्हा तिथल्या मुलांना ती फक्त ग्रंथालयातल्या बाई होती, कमी बोलणाऱ्या, हवं ते पुस्तक चटकन काढून देणाऱ्या. मधल्या सुट्टीत मुली तिच्या टेबलाभोवती गोळा व्हायच्या. ती घरी येऊन मला त्यांच्या गोष्टी सांगायची, कोण काय म्हणाली, कुणी कुणाची चिठ्ठी पुस्तकात ठेवली. सव्वीस वर्षांनी मी तिला आपणहून बोलताना ऐकत होते.

त्याच वर्षी कोर्टाचा निकाल लागला आणि सिनेमाचे डबे माझ्या टेबलावर आले.

मी सरकारी चित्रपट संग्रहालयात फिल्मची दुरुस्ती करते. फाटलेलं जोडायचं, चिकटलेलं सोडवायचं, सडलेलं कापायचं. एकोणीस वर्षं हेच. आमच्याकडे 'अभिजात' नावाचा एक रबरी शिक्का आहे. तीन शहाण्यांची समिती बसते, सिनेमा बघते, आणि पसंत पडला तर डब्यावर तो शिक्का मारते. शिक्का बसला की सिनेमाला थंड खोलीत जागा मिळते आणि दर वर्षी तो राज्यातल्या शाळाशाळांत दाखवतात. नाही बसला की डबे मागच्या शेडमध्ये जातात. तिथल्या उन्हाळ्यात फिल्म पाचसहा वर्षांत विरघळते, व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो आणि विषय संपतो.

शाळाशाळांत. मला दुसरं काही दिसेना.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी. मूळ सिनेमात चित्राचं रीळ वेगळं असतं आणि आवाजाचं वेगळं. थिएटरात जाणाऱ्या कॉपीवर दोन्ही एकत्र छापतात. या सिनेमाच्या तीन कॉप्या शिल्लक होत्या, आणि तिन्हींतलं पाचवं रीळ त्या प्रसंगाशी तुटलेलं होतं. वन्समोअरसाठी मागेपुढे ओढून ओढून ऑपरेटरांनी फाडलं होतं, जोडलं होतं, परत फाडलं होतं. म्हणजे लोकांनी ते चौदा सेकंद प्रेमाने खाऊन टाकले होते. धाकटीचा आवाज आता एकाच ठिकाणी होता, माझ्या टेबलावरच्या आवाजाच्या मूळ रिळात.

आवाज फिल्मवर रेघांच्या रूपात असतो. सवयीने त्या वाचता येतात. बोलणं बारीक आणि तुटक दिसतं, हसणं जाड आणि दाट. ऐकण्यासाठी यंत्र होतं, पण मी ते लावलं नाही. तो आवाज ऐकायची माझी छातीच झाली नाही. नुसत्या डोळ्यांनी मी रीळ पुढे घेत गेले. सरांचा प्रश्न. मग धाकटीचे तीन तुटके पुंजके. मग सरांचं वाक्य, मग हसण्याचा जाड पट्टा, आणि त्याच्या शेवटी थोडी किरकोळ बारीक नक्षी. चौदा सेकंद म्हणजे एकवीस फूट. मी कात्री चालवली. चित्र आणि आवाज यांची गाडी चुकू नये म्हणून तेवढ्याच लांबीची कोरी पट्टी जोडली. कापलेला तुकडा भंगाराच्या पिंपात टाकला आणि अहवालात लिहिलं, "रीळ पाच, ध्वनी. थर चिकटलेले. एकवीस फूट निकामी, काढले." एकोणीस वर्षांत लिहिलेलं पहिलं खोटं. साहेबांनी न वाचता सही केली. म्हणाले, "बाई, तुम्ही लिहिलंय म्हणजे तसंच असणार." मला लाज वाटली नाही. बरं वाटलं.

समितीसाठी नवी कॉपी काढली. एक निवृत्त प्राध्यापक, एक समीक्षक बाई आणि आमचे साहेब. यंत्राजवळ मी. पाचव्या रिळात चित्र आलं, धाकटी उभी राहिली, ओठ हलले, आणि आवाज नाही. तिघंही खुर्चीत चुळबुळले.

दिवे लागल्यावर वाद सुरू झाला. समीक्षक बाई म्हणाल्या, "एका दुबळ्या पोरीला हसायला शिकवणारा सिनेमा अभिजात कसा म्हणायचा? लोकप्रिय म्हणा. लोकप्रिय तर चुरमुरेही असतात."

प्राध्यापक म्हणाले, "सिनेमा तिला हसत नाही, वर्ग हसतो. आणि शाळेत असंच घडतं. खरं आहे म्हणून बोचतं, आणि बोचतं म्हणून टिकतं."

"मग हसल्यावर काय होतं? तिचं पुढे काय दाखवलंय?"

 साहेबांनी डोकं खाजवलं. तो प्रसंग कसा संपतो ते तिघांपैकी कुणालाच आठवेना. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला तरी थिएटरात नेहमी हसणंच ऐकू आलं." ते खरंच होतं.

दोन तास ते अभिजात शब्दाचा कीस पाडत बसले. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तसली गत. शेवटी ठरलं, निर्णय लोकांसमोर घ्यायचा. एक जाहीर खेळ लावायचा, आणि आवाज गेलेला असूनही सिनेमा उभा राहतो का ते बघायचं. मला वाटलं, जिंकले. ज्या चौदा सेकंदांवर तो सिनेमा नाचत होता ते मी काढून घेतले होते.

इथे मी दुसरी चूक केली, आणि ती निव्वळ ऐटीपायी केली. मी धाकटीला म्हटलं, तो आवाज आता गेलाय, खेळाला चल.

"ताई, खरंच गेलं ते?" तिने विचारलं.

"गेलं. मी बघितलंय."

"कसं काय?"

"जुनं झालं की जातं. फिल्म आहे ती, लोणचं नव्हे."

ती ओटा पुसू लागली. मग म्हणाली, "मग येते मी. कधी शांतपणे पाहिलाच कुठे तो."

रविवारी दुपारी सहाशे माणसं आली होती. बहुतेक आमच्या वयाची, काही मुलाबाळांना घेऊन. धाकटी माझ्या शेजारी बसली, हातात रुमाल. गॅरेजच्या प्रसंगाला ती चक्क हसली. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "हे किती छान आहे, आपल्याला माहीतच कुठे होतं." मग पाचवं रीळ सुरू झालं. सरांनी प्रश्न विचारला. धाकटी पडद्यावर उभी राहिली. ओठ हलले. थिएटर शांत.

एक सेकंद, फार तर दोन. मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "माझं ना..." आणि सहाशे माणसांनी ते उचललं. "ना, ना, ना." ओठांशी बरोबर जुळवून. सरांचं वाक्य एका जाड्या आवाजाच्या माणसाने म्हटलं आणि सगळं थिएटर हसलं, वर्गाच्या दसपट. बापांनी पोरांना सांगितलं, हेच ते, हेच. कोऱ्या पट्टीत त्यांनी आपला आवाज भरला आणि एक अक्षर चुकलं नाही. मी धाकटीचा हात शोधला तर तो मांडीवर नव्हता. तिने दोन्ही हातांनी खुर्ची धरली होती.

खेळ संपल्यावर प्राध्यापक मंचावर गेले. त्यांचे डोळे भरून आले होते, नाटक नव्हतं. ते म्हणाले, "ज्याचा आवाज मेला तरी लोक ज्याला आपला आवाज देतात, त्याला अभिजात नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?" समीक्षक बाईंनी वही मिटली. शिक्का तिथेच, टाळ्यांच्या गजरात मारला. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं लोक म्हणतात ते किती सहज म्हणतात.

घरी आल्यावर धाकटीने चप्पल काढली, पाय धुतले आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली.

"त्यांना माझ्यापेक्षा बरं जमतं," ती म्हणाली.

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला.

"ताई, शेवटचं कुठे गेलं?"

"कुठलं शेवटचं?"

"हसून झाल्यावर मी सांगितलं होतं. मी कोण ते. आडनावासकट, पूर्ण. एकदाही अडकले..." ती थांबली, पुढचा शब्द तिच्याकडे नव्हता. तिने वेगळा रस्ता घेतला. "सरळ सांगितलं. वर्ग एकदम गप्प झाला. सर पण. दिग्दर्शक मला म्हणाले, शाब्बास, यासाठीच सगळं होतं. थिएटरात लोकांच्या हसण्यात ते कधी ऐकूच आलं, सांग? मला वाटायचं, कधीतरी शांत थिएटरात कुणीतरी ऐकेल. आज वाटलं, ते हसून थांबतील आणि ऐकतील."

हसण्याच्या पट्ट्यामागची ती किरकोळ बारीक नक्षी. मी ते उरलंसुरलं समजून कापलं होतं. यंत्र लावलं असतं, कान दिला असता, तर सतरा फूट कापून चार फूट ठेवता आले असते. आख्ख्या जगात तिचं नीट उच्चारलेलं नाव त्या एकाच जागी होतं, आणि कात्री माझी होती. मी तिला सगळं सांगितलं. सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तू माझ्यासाठीच केलंस." आणि भांडी घासायला उठली.

दुसऱ्या दिवशी मी संग्रहालयात जाऊन पिंपात हात घातला. पिंप शुक्रवारीच रिकामं झालं होतं.

महिन्याभरात शाळांना परिपत्रक गेलं. धाकटीच्या शाळेतला खेळ ग्रंथालयाच्या दालनात ठेवला होता, म्हणून ते तिच्याच टेबलावर आलं. तिने ते घरी आणून मला वाचायला दिलं. "रीळ पाचमध्ये चौदा सेकंद ध्वनी उपलब्ध नाही. या ठिकाणी विद्यार्थ्यांना पुढील संवाद एकत्रितपणे म्हणू द्यावा." खाली संवाद छापला होता. तीन वेळा ना, मग सरांचं वाक्य. मग काही नाही.

"रजा टाक," मी म्हटलं.

"मुली विचारतायत, बाई, आमच्याजवळ बसाल? मी हो म्हटलंय." मग कागदाची घडी घालत म्हणाली, "ते हसून थांबले की मी सांगेन. उरलेलं. पडद्यावर ओठ हलतात ताई, मी पाहिलंय. फक्त आवाज घालायचाय."

त्यानंतर आठ दिवस ती सकाळी आरशासमोर उभी राहायची. दाराआडून मला ऐकू यायचं. पहिल्या दिवशी ती अडकली, दुसऱ्या दिवशी अडकली. चौथ्या दिवशी 'माझं नाव' असे दोन शब्द सलग आले, सव्वीस वर्षांनी, आणि मागोमाग नाव, आडनाव. मी पलीकडे भिंतीला टेकून रडले. आठव्या दिवशी तिने ते सात वेळा म्हटलं आणि सातही वेळा नीट म्हटलं.

कॉपी घेऊन मीच गेले, साहेबांकडून मागून घेतलं ते काम. दुपारची वेळ, खिडक्यांना जाड पडदे, जमिनीवर दोनशे मुलं. धाकटी पुस्तकांच्या कपाटाशी, मुलींच्या घोळक्यात बसली होती. पाचवं रीळ आलं. सरांनी प्रश्न विचारला आणि दोनशे मुलं ओरडली, "माझं ना, ना, ना." सरांचं वाक्य त्यांच्या इतिहासाच्या शिक्षकांनी म्हटलं. मुलं हसली, एकमेकांवर पडून हसली, आणि मुलांचं हसणं लवकर संपतं, तसं संपलं. पडद्यावर तेरा वर्षांच्या धाकटीने मान वर केली. कपाटाशी माझी धाकटी उभी राहिली.

"माझं ना," ती म्हणाली. "ना... ना..."

पडद्यावरचे ओठ हलले आणि मिटले. सिनेमा पुढे गेला. ती तिथेच होती, "ना," मान ताणलेली, "ना," आणि दोनशे डोकी तिच्याकडे वळली होती. मग मुलं परत हसली, पण वाईट नाही, अगदी मनापासून, आपल्या बाईंवर खूश होऊन. टाळ्या पडल्या. तिच्याशेजारच्या दोन वेण्यांच्या मुलीने तिचा पदर ओढला.

"बाई, अगदी हुबेहूब. तिच्यापेक्षा भारी. परत करा ना, बाई."

"परत, परत," सगळी म्हणू लागली.

मी यंत्र बंद करायला हात पुढे केला. धाकटीने माझ्याकडे पाहिलं आणि राहू दे अशी खूण केली. मग ती मुलांकडे वळली, चेहऱ्यावर हसू आणलं आणि त्यांना हवं होतं तसं परत करून दाखवलं.